चाखून दिलेली साखर

बोटाला टोचलं तेव्हा भाविकाच्या मनात आधी आलं ते एवढंच, की आत्ता तर तपासायची वेळ नाही. सातव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हापासून तिची बोटं टोचून घेत आली होती. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लागला तो अलीकडे. त्याआधी रोज सुई, थेंब, पट्टी. टोचलं की हात मागे घ्यायचा असतो, हे तिची बोटं केव्हाच विसरली होती. तिने सवयीने बोट दाबलं, थेंब वर आला, आणि मग धावता धावता ती पावस गावाच्या वळणावर, एका बंद दुकानाच्या फळीपाशी थांबली. कमरेच्या पट्ट्याचा खिसा आतून ओला होता. ओला नव्हे, चिकट. घरून निघताना त्यात धावताना चोखायच्या साखरेच्या जेलची दोन पाकिटं होती. एक येताना गोळपच्या कातळसड्यावर घेऊन झालं होतं, दुसरं इथे, परत फिरताना घ्यायचं होतं. आणि त्या दुसऱ्याच्या पोटाला भोक पडून ते सपाट झालं होतं. अस्तराला एक सेफ्टी पिन टाचलेली, पिनेला तांबड्या कापडाची इवलीशी पुरचुंडी. पुरचुंडीची गाठ आईची. मासळी विकणाऱ्या बाईच्या बांगडीला नेहमी दोनचार पिना अडकवलेल्या असतात, त्यांतलीच ही एक. लेकीचं लक्ष नाही असं बघून तिने ग्रामदेवीचा अंगारा पट्ट्यात टाचून ठेवला होता, आणि भाट्याच्या घरापासून इथवर धावण्याचे हिसके बसता बसता ती पिन उघडून पाकिटात शिरली होती.

भाविकाला राग यायला हवा होता. आला तो हसू घेऊन आला. तिने खिसा उलटा केला, अस्तरावरचं जेल बोटाने निपटून चाटलं. त्याच खिशात ठेवलेल्या ग्लुकोजच्या गोळ्या जेलमध्ये भिजून त्यांचा लगदा झाला होता, तोही खरवडून खाल्ला. किती गेलं असेल पोटात? अर्धं? अर्ध्याहून कमी? कामावर, प्रयोगशाळेत तिने असा नमुना सांडला असता तर सरळ फेकून दिला असता आणि नवा घेतला असता. तिने फोनवर सेन्सर काय सांगतो ते पाहिलं. आकडा चांगला होता, शेजारचा बाण आडवा. म्हणजे रक्तातली साखर वरही जात नाही, खालीही नाही. समोरच्या टपरीवाल्याने नुकती शेगडी पेटवली होती आणि बरणीतली चिक्की पुसत तो तिच्याकडे बघत होता. क्षणभर तिचे पाय तिकडे वळले. पण धावताना नवीन काही पोटात घालायचं नाही हा नियम होता, आकडा चांगला होता, आणि खरं सांगायचं तर तिला थांबायचं नव्हतं. फणसोपच्या नाक्यावर मासळी विकायला बसणाऱ्या वाडीतल्या आवडाकाकीकडे तिसरं पाकीट ठेवलेलंच होतं. तिथवर आपण सहज जाऊ, असं म्हणून ती परतीच्या चढाला लागली.

हे धावणं म्हणजे करार होता. पुढच्या महिन्यात रत्नागिरीतून निघून भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत येणारी आणि तशीच परत जाणारी मॅरेथॉन होती. तिचं नाव भाविकाने घरी काढलं तेव्हा बाप, रघू तांडेल, बोटीवर होता, आणि आई बांगडे निवडत होती. आईने मान वर न करता विचारलं होतं, "एकटी?" "एकटी कशी, पाचशे माणसं असतील." "ती धावतील. तुझ्याकडं कोण बघंल?" आईने एक नरम बांगडा बाजूला टाकला. मग आई म्हणाली, "शर्यतीच्या आधी एकदा तू पावसपर्यंत जाऊन ये. मधे साखर उतरली नाय, तर जा. उतरली, तर पुन्हा नाव काढायचं नाय." "आणि उतरली तरी मी नाही म्हणून सांगितलं तर?" "सांग की," आई म्हणाली, "तुझं तोंड पांढरं पडतं दिवसभर. आंधळी हाय काय मी?"

चढावर आंब्याच्या बागा सुरू झाल्या. मोहोर भरून आला होता, आणि त्याच्या वासात फवारणीच्या औषधाचा वास मिसळला होता, गोड आणि कडू एकदम. ती चांगल्या चालीत होती. आपल्या रक्तात आत्ता काय चाललं असेल हे मनात रेखाटत बसण्याची तिला जुनी खोड होती. त्या खोडीपायीच ती जीवरसायनशास्त्राकडे गेली होती. धावताना इतरांना पाय दिसतात, तिला मणी दिसत. जेलमध्ये असतं ते माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची आखूड माळ; आतड्यात गेली की दोरा तुटतो आणि मणी रक्तात सांडतात. दुसऱ्यांच्या अंगात त्यांना उचलून आत नेणारा हमाल, म्हणजे इन्सुलिन, आपसूक येतो. तिच्या अंगात तो येत नाही, त्याला बाहेरून, सुईतून आणावं लागतं. आणि एकदा आला की तो मोजून काम करत नाही, धावणाऱ्या पायांत तर मुळीच नाही. म्हणून सकाळचं इन्सुलिन कमी घ्यायचं, म्हणून ठरावीक अंतराने जेल. पहिल्यांदा जेल घेतलं होतं तेव्हा मांडवी बंदराच्या कठड्याला धरून ती ओकली होती. धावण्याच्या गटातला शुभंकर, जो सगळ्यांना सल्ले देतो आणि स्वतः घोट्याला पट्टी बांधून स्कूटरवरून मागे येतो, म्हणाला होता, "पायांना सराव देतेस ना, तसा आतड्यांनाही द्यायचा. जेल घोट घोट, त्यावर साधं पाणी, आणि तोंड वाकडं न करता." तोंड वाकडं न करणं सर्वांत अवघड गेलं. कारण सातव्या वर्षापासून तिला शिकवलं गेलं होतं की गोड लपवून खायचं असतं, आणि इथे वीसबावीस माणसं भर रस्त्यात, उघड्यावर, तोंडाला लावून साखर ओढत होती आणि एकमेकांना विचारत होती, "तुझा कुठला स्वाद?"

गोडाची तिची सगळी वर्षं अशीच उलटीपालटी गेली होती. आजार कळला त्या वर्षी नारळी पौर्णिमेला वाडीतल्या सगळ्या पोरांच्या पानात नारळीभात होता आणि तिच्या पानात दोन घास, आईने डॉक्टरांना फोन करून विचारलेले. शाळेत कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट तिच्यापर्यंत येऊन तिला ओलांडून जायचं. आणि त्याच वर्षी, त्याच वाडीत, घरोघरच्या फळीवर तिच्या नावाची साखर असे. हे आईचं काम. मुलीला साखर उतरली की घाम फुटतो, ओठ बधिर होतात, ती चिडते, मग कोलमडते. आणि मुलगी काही घरात बसणारी नव्हती. आईने एका दुपारी मासळीची पाटी घासून, उन्हात सुकवून घेतली, तिच्यात साखरेने भरलेल्या लहान बरण्या मांडल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि घरोघर निघाली. जणू मासळीच विकायला. प्रत्येक दारात एक बरणी उतरवायची आणि सांगायचं, "ही भावीची. तुमच्या चहात घालायची नाय. पोर गळाली की दोन चमचे तोंडात सारायचे, मग मला हाक मारायची." कुणी विचारलं नाही की आमच्याकडे साखर नसते का. सगळ्यांनी बरणी फळीवर ठेवली. भाविका पाटीच्या मागोमाग चालत होती, आणि त्या दिवशी तिला जे वाटलं होतं ते आभाराच्या जवळपासही जाणारं नव्हतं. तिला लाज वाटली होती. आपण फुटकी वस्तू आहोत आणि आई दारोदार जाऊन ते सांगते आहे, असं.

सडा लागला तसा वारा समोरून आला. दोन्ही बाजूंना काळा-तांबडा कातळ, मधूनच वाळलेल्या गवताचा पट्टा, आणि लांब डावीकडे समुद्राची एक रेघ. तिला हा तुकडा सर्वांत आवडायचा, कारण इथे घर नव्हतं. घर नाही म्हणजे फळी नाही, फळी नाही म्हणजे बरणी नाही. धावायला सुरुवात केली ती याच्याचसाठी, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बरणी नसलेला एक रस्ता. सेन्सरचे आकडे आईच्या फोनवरही दिसतील अशी सोय होती, ती तिने करू दिली नव्हती. माझं रक्त माझ्या खिशात राहू दे, असं म्हणाली होती. मग काल संध्याकाळी आवडाकाकीच्या हातात जेलचं पाकीट का दिलं? पट्ट्यात तिसऱ्याला जागा नव्हती म्हणून. काकी रविवारी फणसोपला मासळी घेऊन बसतेच म्हणून. ही फक्त व्यवस्था होती. काकीने पाकीट उलटसुलट करून विचारलं होतं, "शांपू हाय काय?" "खायचं आहे, काकी. मी धावत येईन तेव्हा फक्त हातात दे." "खायाचं? ह्येवढंसं? ह्यापेक्षा बांगडा खा." आणि पाकीट तिने ब्लाउजमध्ये खोवलं होतं, जिथे तिचे पैसे, तंबाखू आणि तुळजाभवानीचा फोटो असतो.

पहिली खूण पायांत आली नाही, कानांत आली. वाऱ्याचा आवाज आपल्यापासून दूर गेल्यासारखा झाला. मग खालचा ओठ जाड वाटला. घाम होताच, पण आता तो थंड होता. तिने स्वतःला समजावलं, चढ होता, वारा आहे. किलोमीटरचा दगड आला, त्यावरचं अक्षर दोनदा वाचावं लागलं. फोन वाजला. आकडा पंचाहत्तर, बाण खाली; सत्तरच्या खाली धोका. ही संख्या आत्ताची नव्हे, हे तिला पाठ होतं. सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचा ओलावा मोजतो, आणि तो ओलावा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. लांबच्या चुलत्याची बातमी पोस्टकार्डाने यावी तसा. म्हणजे खरी साखर याहून खाली गेली होती, आणि ती सड्यावर होती, आणि खिशात तांबडी पुरचुंडी होती. तिने पुन्हा अस्तर चाटलं. घाम आणि कापड. ती चालू लागली. धावणं थांबवताना छातीत जे दुखलं ते साखरेचं नव्हतं. उतरली, तर पुन्हा नाव काढायचं नाय. तिने चालण्यात थोडं धावणं मिसळून पाहिलं, कुणी बघत नव्हतं तरी. कातळाच्या कडा उजळ व्हायला लागल्या, प्रत्येक गवताच्या काडीला एक पांढरी रेघ. आणि त्या उजेडाबरोबर नेहमीप्रमाणे ती जुनी दुपार आली, जी यायला नको असते.

त्या दुपारी ती आठ वर्षांची होती आणि आवडाकाकीच्या ओट्यापाशी गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळत होती. काकीच्या घरात सुकटीचं काम चाललेलं, मीठ लावायचं, पसरायचं. भाविकाच्या हातून गजगे सुटले. तिला आठवतं ते एवढंच, की काकीचा मोठा चेहरा जवळ आला, जबडा दोन बोटांनी उघडला गेला, आणि तोंडात आग पडली. मीठ. दोन चमचे, भरून. बरण्या एकसारख्या होत्या, आईने एकाच दुकानातून आणलेल्या, आणि काकीने तशीच एक रिकामी झालेली मिठासाठी घेतली होती. भाविका ओकली, घुसमटली, मग शेजारच्या घरातली बरणी आली आणि कुणीतरी पाण्यात साखर कालवून थेंब थेंब आत सोडली. ती डोळे उघडून बसली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, आणि आवडाकाकी भिंतीला टेकून आपल्याच थोबाडीत मारून घेत होती. आई आली. सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही. आईने मिठाची बरणी उचलली, शांतपणे रिकामी केली, धुतली, पदराने पुसली आणि त्यातही साखर भरून फळीवर परत ठेवली. "आता दोन झाल्या," म्हणाली. पुढे जेव्हा कधी, चारदा की पाचदा, काकीवर वेळ आली, तेव्हा ती आधी चिमूट आपल्या जिभेवर ठेवायची. डोळे मिटायची. खात्री करायची. मग द्यायची. भाविका गळत असताना तो एक क्षण तिला फार लांब वाटायचा. आधी मला दे की, असं ओरडावंसं वाटायचं.

फणसोपचा नाका दिसला तो हलत हलत. पिंपळाखाली काकी, पुढे पाटी, पाटीवर ओलं गोणपाट, आणि समोर स्कूटरवरून न उतरता बांगड्यांचा भाव करणारा एक गृहस्थ. "अहो, डोळे बघा ह्यांचे, तुमच्याहून ताजे हायत," काकी त्याला म्हणत होती. मग तिने मान वळवली आणि तिचा हात बांगड्यासकट हवेत राहिला.

"काय गो झालं? तोंड बघ! बस. हितं बस."

"जेल," भाविका म्हणाली. शब्द ओठांत अडकला. "काकी, जेल दे."

"आजी, मग अर्धा डझन किती—"

"थांबा हो जरा! पोर पडत्ये हितं आणि ह्यांना बांगडे!" काकीने ब्लाउजमधून पाकीट काढलं. त्याचं टोक दातांनी फाडलं. भाविकाने हात पुढे केला. काकीने तो बाजूला सारला, पाकीट दाबून करंगळीवर थेंब घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

आणि तिचा चेहरा पिळवटला.

"थूः! ह्यात मीठ हाय!"

"असतं थोडं. दे."

"खारट हाय गो! कोणी दिलान तुला हे?"

"काकी, ते तसंच— घामातून— सोडियम— दे ना!" भाविका ओरडली. घामावाटे मीठ जातं म्हणून या स्वादात ते मुद्दाम घातलेलं असतं, हे संपूर्ण वाक्य तिच्याकडे होतं, पण त्याचे तुकडे गोळा होत नव्हते. तिने पाकिटावर झडप घातली. काकीने पाकीट मुठीत घेऊन मूठ पाठीमागे नेली, आणि तिच्या पाऊणशे वर्षांच्या डोळ्यांत एकदम ती दुपार उभी राहिली.

"मार मला. ओरड. पण मीठ नाय घालणार तुझ्या तोंडात. एकदा घातलं मी."

"आजी, देऊन टाका, ती मागत्ये तर," स्कूटरवाला म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही भाव करा."

दुसऱ्या हाताने काकीने कनवटीची चंची सोडली. त्यात पानाचं सामान, सुपारीचे तुकडे, आणि तळाशी औषधाची रिकामी झालेली एक बुटकी बाटली, झाकणाला दोरा गुंडाळलेला. बाटलीत साखर होती. दमट, थोडी पिवळट, गोळा होऊन चिकटलेली. भाविका वाडीत गळून पडली त्याला वर्षं लोटली होती. ती कॉलेजला गेली, पुण्याला राहून आली, परत येऊन एका मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात नमुने तपासू लागली. फळ्यांवरच्या बरण्यांत केव्हाच लोणची आणि खोबरं गेलं होतं. ही बाटली भरून ठेव असं काकीला कुणीही सांगितलं नव्हतं. काकीने झाकणात साखर ओतली, चिमूट आपल्या जिभेवर ठेवली, डोळे मिटले. तो क्षण. भाविकाच्या अंगातला सगळा उजेड त्या मिटलेल्या पापण्यांवर येऊन थांबला. "गोड हाय," काकी म्हणाली, जणू कुणीतरी नाही म्हणालं होतं, आणि झाकण तिच्या ओठांना लावलं.

साखरेला तंबाखूचा वास होता, आणि बोटांवरच्या बांगड्याचा. खडे दातांखाली फुटले. तीन झाकणं, मग पाण्याचा घोट, मग आणखी एक झाकण. ती गोणपाटाच्या कडेवर बसून राहिली, पाठ पिंपळाला, डोकं काकीच्या मांडीला लागलेलं. स्कूटरवाल्याने गाडी बंद केली होती आणि आपल्या पिशवीने तिला वारा घालत होता. आत, कुठेतरी, मणी सांडायला लागले. आधी ओठ परत आले. मग वारा कानांपाशी आला. मग मागे कुणीतरी अंगण झाडत होतं तो खराट्याचा आवाज, आणि त्या आवाजाबरोबर एकाएकी, कारण नसताना, तिचे डोळे भरून आले. साखर परत चढते तेव्हा असं होतं, मेंदूला पुन्हा खायला मिळाल्यावर तो थोडा वेळ कशानेही रडतो, हे तिने वाचलं होतं. ते खरंही असेल.

"आलीस?" काकीने विचारलं.

"आले."

"मग आता त्या शेंबडात मीठ कशाला ते सांग."

भाविकाने सांगितलं. घाम, मीठ, रक्त. काकीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मीठ खायाचं, घामातून काढायचं, आणि परत खायाचं. बरं हाय. कारखान्यात लोकांना पगार देतात की असल्याला." मूठ मात्र उघडली नाही. "आवशीला दाखव आधी. ती हो म्हणाली तर चाट." आणि पाकिटाचं फाटलेलं तोंड तिने बांगडीतली पिन काढून बंद केलं, आणि पाकीट भाविकाच्या हातात दिलं. त्या पिनेकडे बघून भाविका इतकी हसली की स्कूटरवाला पुन्हा घाबरला.

आकडा वर आला, बाण वर वळला, तशी ती उठली. काकीने आणलेला केळ्याचा अर्धा तुकडाही खाल्ला. नवीन काही पोटात घालायचं नाही हा नियम तिच्या आठवणीतही आला नाही. उरलेली वाट ती सावकाश धावली. शर्यत आता नव्हती. ठरल्याप्रमाणे नव्हती. हे मनात स्वच्छ होतं, आणि तरी पाय हलके होते, याचं तिला नवल वाटत होतं. उतारावर सुरूची झाडं लागली, त्यांच्यामधून भाट्याची वाळू, ओहोटीचं पाणी लांब गेलेलं. बरणी नसलेला रस्ता. तिने हिशेब लावून पाहिला: खिशात आईचा अंगारा होता, चंचीत काकीची साखर होती, आणि रोज सकाळी सुईतून येणारा तो हमालसुद्धा कुठल्या तरी अनोळखी माणसांनी, कुठल्या तरी प्रयोगशाळेत रात्री जागून शोधला होता, आपल्यासारखेच नमुने सांडत आणि परत घेत. रिकामा असा रस्ता मुळी नव्हताच. सड्यावरही नव्हता. तिला सात वर्षांची असताना वाटलेली ती लाज आठवली, पाटीमागून चालतानाची, आणि ती तिला सापडेना. जिथे असायची तिथे हात घातला तर बोटाला काहीतरी गोड चिकटत होतं. काकीच्या मिटलेल्या पापण्या तिला दिसत राहिल्या. एका माणसाने एकदा चूक केली आणि नंतर सगळं आयुष्य आपली जीभ मधे ठेवली. हे कशाच्या आधारावर मोजायचं, तिला कळेना. तिने मोजलं नाही. ती धावली.

आई पुलाच्या अलीकडे, रस्त्याला लागून, उभी होती. तिथे उभं राहण्याचं कारण असावं म्हणून तिने हातात रिकामी पिशवी घेतली होती. भाविका थांबली, गुडघ्यांवर हात टेकले. आईने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लांब पाण्याकडे.

"उतरली," भाविका म्हणाली.

"दिसतंय."

"सड्यावर. काकीने दिली."

"आवडाने?" आईचा हात तोंडाकडे गेला. "काय दिलान?"

"साखर. तिच्याजवळ होती अजून. चाखून दिली."

आईने रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. दोघी घराकडे चालू लागल्या, भाविका लंगडत, आई तिच्या पावलाला पाऊल लावून. दारात पोचल्यावर भाविकाने पट्टा काढला, पिनेसकट पुरचुंडी आईच्या तळहातावर ठेवली. "ही तुझी. हिने माझं पाकीट फोडलं."

आईने पुरचुंडी पाहिली, पिनेला लागलेला वाळका चिकटपणा पाहिला. थोडी वरमली, पण क्षणभरच. "फोडलान म्हणूनच आवडीपाशी पोचलीस ना?"

या तर्काला प्रयोगशाळेत जागा नव्हती. भाविकाने दुसरं पाकीट दिलं, काकीच्या पिनेने बंद केलेलं. "आणि हे तिने दिलं नाही. म्हणाली, आवशीला दाखव. खारट आहे म्हणे."

आई ओट्यावर टेकली. पिन काढून आपल्या बांगडीत अडकवली, करंगळीवर थेंब घेतला, जिभेवर ठेवला, आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. आत कुठेतरी वाटेवरची घरं एकेक करून जात असावीत. भाविकाला वाटलं, आता ती म्हणेल, ठरलं होतं ना. तिचंही तेच उत्तर तयार होतं, आणि ते खरं होतं: ठरलं होतं.

"आवडी बरोबर बोलली," आई म्हणाली. "खारट हाय. पण मागून गोड लागतं." मग डोळे उघडले. "फणसोपला आवडी हाय. गोळपला तुझ्या बापसाच्या बोटीवरच्या गड्याची बहीण दिलीय. पावसला कोण गो आपलं?"

भाविकाने झटकन मान वर केली.

"टपरी आहे एक. चिक्कीवाला."

"नाव काय?"

"माहीत नाही."

"मग विचारून ये उद्या. नाव नसलेल्या माणसाकडं बरणी कशी ठेवायची?" आई उठली, पदर खोचला आणि आत गेली. भाविका ओट्यावर पाय लांब करून बसली. जिभेवर अजून तंबाखूचा वास होता, आणि आतून, मोरीतून, काचेच्या बरण्या एकमेकींना लागल्याचा आणि त्यांत पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला.